म्यानात अडकल्या तलवारीची हकिगत

श्रीगणेशाला नमन, ऐकणाऱ्यांना रामराम, आणि लोखंडाला ओलीपासून राखील त्या हाताला मुजरा. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, डोंगरमाथ्यावरल्या एका राज्यात, ज्याचे नाव आम्ही सांगणार नाही, ऐसे वर्तमान जाहले.

गडावर बारमास धुके. धोतरे वाळत ना, पापड मऊ पडत, आणि पोलाद तर नुसते बघितले तरी लाल होई. ऐशा गडाच्या शिलेखान्यावर, म्हणजे हत्यारांच्या कोठीवर, ठकूबाई लोहारीण होती. बापामागे त्याची जागा तिला मिळालेली, नजर घारीची आणि जीभ कानशीची. तिचा नेम एकच, की पाते कोरड्या फडक्याने पुसावे आणि करडईच्या तेलाचा हात द्यावा आणि म्यानाबाहेर टांगावे, कारण म्यानाचे कातडे ओल धरते ते सोडत नाही. परंतु दिवाण शिवदेवपंत बहुत सोवळे. खंडेनवमीस हत्यारांची पूजा जाहली, थोरल्या तलवारीवर पाणी शिंपडले, ओले हळदकुंकू वाहिले, अक्षता चिकटल्या, आणि ठकूबाई फडके घेऊन सरसावली तो पंतांनी हात आडवा घातला. देवाचे कुंकू पुसणे म्हणजे राज्याचे सौभाग्य पुसणे, तलवार अशीच म्यानात जाईल आणि राजकन्येच्या लग्नापर्यंत कोणी शिवायची नाही, ऐसे फर्माविले.

ठकूबाई म्हणाली, "पंत, लोखंडाला सोवळं कळत नाही. ओल कळते."

पंत म्हणाले की गंज चढला तर तुझी जागा गेली. आता हातही लावायचा नाही आणि गंजही चढू द्यायचा नाही, हा हुकूम ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकी गेली, पण बापाची जागा, म्हणून ओठ आवळून घरी गेली आणि आपल्या कोयत्याचीच काय ती निगा केली.

मग मार्गशीर्षात लग्न निघाले. त्या राज्याची चाल ऐसी, की जावई वेशीत आले म्हणजे महाराजांनी थोरली तलवार उपसून एका घावात कोहळा कापावा आणि मगच वरात आत घ्यावी. जावई आले, वाजंत्री थांबली, महाराजांनी मूठ धरून ओढली, हलेना. पुन्हा ओढली, तो महाराज हलले, तलवार नाही. मग दोन मानकरी म्यानाला लागले आणि दोन महाराजांच्या कमरेला, आणि ओढता ओढता कर्रकन आवाज जाहला आणि चौघेही महाराजांसह पाठीवर पडते जाहले. तलवार बाहेर आली ती तांबडीलाल, अक्षतांसकट. व्याही मिशीत हसले. नवरदेव तर उघड हसले.

पंत कडाडले की ही लोहारणीची कसूर, आजच्या आज गड उतरवावी. मुहूर्त टळत चालला आणि कोहळा आपला जागच्या जागी. ठकूबाईने कमरेचा कोयता काढून दोन्ही हातांवर महाराजांपुढे धरला. पाते ऐसे, की महाराजांना त्यात आपली पगडी वाकडी दिसली. ती त्यांनी नीट केली आणि एका घावात कोहळ्याची दोन शकले केली, आणि वरात आत गेली. मग ते वळले.

"याची पूजा केली नव्हतीस?"

"केली महाराज. त्याच दिवशी, तसंच ओलं हळदकुंकू."

"मग?"

"मग पुसलं."

पंत म्हणाले, ऐका, देवाचे कुंकू पुसले, स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. ठकूबाईने कपाळावरचा पदर मागे सारला.

"टाकलं नाही पंत. पात्यावरचं करंड्यात काढून घेतलं, रोज तेच लावते. हे बघा."

महाराजांनी ते कुंकू पाहिले. मग थोरली तलवार जवळ घेतली, तिच्यावरचा गंज नि कुंकू अंगठ्याने खरवडले, आणि ते शिवदेवपंतांच्या कपाळी ठसठशीत रेखिले.

येणेप्रमाणे कोयत्याने वरात आत आली आणि ठकूबाईची जागा राहिली. तेव्हापासून त्या राज्यात कुंकू कपाळाला, फडके पात्याला आणि मागाहून तेलाचा हात, ऐसी रीत पडली. थोरली तलवार विटेच्या पुडीने घासून उजळावयास सहा दिवस लागले. घासावयास पंतांना बसविले होते, आणि ठकूबाई शेजारी बसून, इथं राहिलं, तिथं राहिलं, ऐसे सांगत होती.