एकही चूक नसलेला भाग

भुतांच्या मालिकेला एक पत्र टाकावं, असं भिंगरावांनी ठरवलं तेव्हा त्यांचा हेतू अगदी साधा होता. (हेतू साधा असला की भिंगराव हमखास अडचणीत येतात.)

भिंगराव हे त्यांचं कचेरीतलं टोपणनाव. दस्ताची नक्कल मूळ कागदाशी शब्द न् शब्द ताडून पाहायची, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं तेच केल्यामुळे घरी टीव्हीसमोर बसले तरी डोळे ताडतच राहायचे. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की बायको सोफ्यावर पाय दुमडून मालिका लावायची. खोलीत पेंगुळलेला उजेड, पंख्याची घरघर, आणि टीव्हीत ओसाड बंगल्याच्या जिन्यावरून तरंगत येणारी पांढरी बाई. बायकोच्या अंगावर छानसा काटा यायला लागला, की भिंगराव म्हणायचे, "मेणबत्ती बघ. मघाशी बोटभर होती, आता वीतभर झाली."

"अहो, मला सुखानं घाबरू द्या ना."

"आणि आरशात भुताच्या मागे कॅमेरावाला दिसतोय. चहा पितोय."

अशा एकशे बारा चुका त्यांनी आठ भागांत जमवल्या आणि पत्रातून पाठवून दिल्या. चक्क उत्तर आलं. आभारी आहोत, शेवटच्या भागात आपल्याला तक्रारीला जागा राहणार नाही. भिंगरावांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. रविवारी जेवण झाल्यावर तिनं चपला घातल्या.

"शेवटचा भाग मी ताईकडे बघते," ती म्हणाली. (ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दोन मजले खाली राहणारी.) "आठ रविवार तुमच्या शेजारी बसले. एकदाही तुम्ही माझ्याबरोबर बसला नाहीत."

दार लागलं आणि भिंगरावांनी भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले. कारण, तुम्हाला म्हणून सांगतो, भिंगरावांना भुतांची भयंकर भीती वाटते. चूक सापडली की भुताची तेवढ्यापुरती नटी होते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि बायको शेजारी असली की बाकीचं निभावून जातं.

मालिका सुरू झाली. भिंगराव डोळ्यांत तेल घालून बसले. मेणबत्ती जेवढी जळायला हवी तेवढीच जळत होती. आरसा स्वच्छ. पहिल्या जाहिरातीपर्यंत एक चूक सापडली नाही. दुसऱ्या जाहिरातीपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पांढरी बाई इतकी बिनचूक चालत होती की ती नटी असणं शक्यच नव्हतं.

त्यांनी नजर टीव्हीवरून काढून घरात फिरवली. पंखा संथ फिरत होता, डोळ्यांवर झापड येत होती, आणि त्या अर्धवट गुंगीत त्यांना दिसलं की खिडकीचे पडदे बदामी आहेत. त्यांचे पडदे निळे होते. दारावरचं घड्याळ कपाटाच्या वर गेलं होतं. भिंगरावांना सगळा उलगडा झाला. मालिकेतून काढलेल्या एकशे बारा चुका कुठेतरी जायलाच हव्यात. त्या इथे राहायला आल्या होत्या.

भिंगरावांनी अनवाणीच धूम ठोकली. ताईंचं दार आखूड केसांच्या, चष्मा लावलेल्या एका बाईंनी उघडलं.

"माफ करा," भिंगराव धापा टाकत म्हणाले, "माझी मिसेस आत आहे का?"

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काय काम होतं?"

"तिला सांगा, मी घाबरतो म्हणून चुका काढतो. ती शेजारी नसली की मला बघवत नाही. आणि घरातले पडदे आपोआप बदललेत."

"आपोआप नाही. तिसऱ्या भागाच्या आदल्या दिवशी मी बदलले."

आता मात्र आवाज ओळखीचा वाटला. भिंगराव चौकटीला धरून उभे राहिले. "आणि केस?"

"पाचव्या भागाला. भुताची वेणी डाव्या खांद्यावरून उजव्यावर कशी गेली, ते तुम्ही मला समजावून सांगत होतात, त्या दिवशी."

तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. हात मात्र सोडला नाही. भिंगरावांना फार बरं वाटलं. भुताकडे न बघता ते आयुष्यात प्रथमच बायकोकडे नीट बघत बसले.

"चष्मा छान दिसतो," ते हळूच म्हणाले. "कधी घेतलास?"

"आपल्या लग्नाच्या फोटोत आहे तो," बायको म्हणाली. "आता भूत बघा."