पांढऱ्याचं वावडं

पंचनदरावांसमोर लॅपटॉप उघडू नका, हे आमच्या पेरुंगुडीच्या अपार्टमेंटमध्ये नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगतात. पांढरं पान दिसलं की त्यांचा हात पुढे येतो, सेटिंग्ज उघडतात आणि तुमचा ब्राउझर डार्क मोडमध्ये जातो. परवानगी वगैरे मागायची त्यांच्यात पद्धत नाही. "पांढरें होणा," एवढंच म्हणतात. तंजावरी मराठीत 'होणा' म्हणजे आपलं 'नको'. मी नागपूरची. हे कळेपर्यंत माझा ऑफिसचा लॅपटॉप दोनदा काळा झाला होता.

वय एकाहत्तर, रेल्वेतून निवृत्त. शर्ट पांढरा, कमरेची वेष्टी पांढरी, रोजचा दहीभात पांढरा. राग फक्त पडद्यावरच्या पांढऱ्याचा. "डोळे जातील, मा," असं मला बजावतात आणि स्वतः चेन्नईच्या भर उन्हात गच्चीवर बोडक्याने कावळे हाकत बसतात.

या नादापायी त्यांनी कमी घोळ घातलेले नाहीत. तंजावरच्या तिकिटाचा फॉर्म भरताना काळ्यावर काळी अक्षरं दिसेनात, म्हणून अंदाजाने खूण केली. गृहस्थ 'स्त्री' म्हणून तंजावरला जाऊन आले. एकदा पाणी बंद असल्याची सूचना त्यांनी पडद्यावर दिसली तशीच छापली. सेक्रेटरींच्या प्रिंटरची शाई संपली आणि त्या काळ्याकुट्ट कागदावरून पाणी कधी जाणार ते कोणालाच कळलं नाही. बिल्डिंगभर लोक साबण लावून बसलेले.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या दारात उभे राहिले.

"अय्यो, अपडेट आला मा. अस्कं पांढरें झालें." 'अस्कं' म्हणजे सगळं, एवढं एव्हाना मला कळत होतं.

अशी संधी मी कशाला सोडते? "बघा आता आठ दिवस पांढरं," मी म्हटलं, "आम्ही बघतोच की, आमचे कुठे गेले डोळे?"

ते हसले नाहीत. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्यांनी एक पान उघडलं. "सरसूचें," म्हणाले.

सरसूबाई त्यांची पत्नी. मी इथे राहायला यायच्या आदल्या वर्षी गेल्या. रोज पहाटे दारात त्या जे कोलम घालायच्या, त्यांची वही मुलीने स्कॅन करून वेबसाइटवर ठेवली होती. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीचे ठिपके आणि त्यांना वळसे घालत जाणाऱ्या रेषा.

"सुरेख आहे की रांगोळी!" मी म्हटलं.

"कोलम काळें असतें का, मा?"

मला माझ्याच चेष्टेची लाज वाटली. डोळ्यांचं नुसतं निमित्त होतं तर. पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं करून दाखवणारी त्यांची ती सोय पुन्हा बसवायला मला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"बघा," मी हाक मारली.

पान काळं झालं होतं. पेन्सिलीच्या रेषा पांढऱ्या उमटल्या होत्या, नुकत्याच सडा घातलेल्या दारात तांदळाच्या पिठाच्या दिसतात तशा. पंचनदराव जवळ आले आणि चटकन एक पाऊल मागे सरकले, आपला पाय पडेल की काय म्हणून.

"सेरी, बरें," ते हळूच म्हणाले. "आतां सकाळ झाली."

घड्याळात साडेअकरा वाजले होते.