खुंटीवरची रूपाली

आमच्या गावचे तात्या टेलर 'उद्या' हा शब्द बोलत नाहीत.

टेलरनं 'उद्या' म्हणायचं नाही, म्हणजे वकिलानं पुढची तारीख मागायची नाही असं म्हणण्यासारखं आहे. त्या शब्दावर तर हा धंदा उभा आहे. पण कडेगावहून कुंडलकडे जाताना वाटेत आमचं गाव लागतं, तिथं स्टँडसमोर 'न्यू फॅशन टेलर्स' अशी पाटी आहे आणि पाटीखाली तात्या आहेत. पाटीवरची फॅशन माझ्या जन्माआधीच जुनी झाली होती. तात्याही मला पहिल्यापासून तेवढेच जुने आठवतात. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल, आणि बोलायचं नसेल तेव्हा तोंडात टाचण्या.

गावातल्या बायका मुद्दाम त्यांची फिरकी घ्यायच्या.

"तात्या, ब्लाऊज कवा देता?"

"बुधवारी."

"आज मंगळवार. म्हंजी उद्याच की."

"बुधवारी."

"आवं, पर मंगळवारनंतर जे येतं त्येला काय म्हणत्यात?"

"बुधवार म्हंजी बुधवार," असं म्हणून तात्या चार टाचण्या तोंडात धरायचे. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाशी कोणी हुज्जत घालत नाही.

शिवाय शनिवारचे कपडे गुरुवारीच तयार असायचे. एका नवरदेवाचा सफारी इतका वेळेआधी झाला की तोवर ते लग्नच मोडलं. पोरगा तोच सफारी घालून दुसरी मुलगी बघायला गेला आणि तिथं जमलं. तेव्हापासून लग्न ठरायच्या आधीच तात्यांकडे कापड टाकणारे लोक आमच्या गावात निघाले. तात्यांनी कापड घेतलं की सोयरीक जुळते, अशी समजूत पसरली. तात्या स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले.

त्यांची दुसरी तऱ्हा लहानपणी आम्हाला भीतीची वाटायची. दिवे लागायच्या वेळी एखादी मुलगी दुकानात आली, तर तिचं काम झाल्यावर तात्या मशीन थांबवायचे, दुकानाला कुलूप लावायचे, बॅटरी घ्यायचे आणि तिच्या मागं दहा पावलांवर चालू लागायचे. बोलायचे नाहीत. तुम्ही थांबलात की ते थांबायचे. पळालात तर ते पळायचे नाहीत, पण बॅटरीचा उजेड तुमच्या टाचांशी बरोबर असायचा. ऊस दोन्ही बाजूंना उभा, मध्ये पांढरी वाट, मागं चपलांचा आवाज आणि शर्टाच्या खिशात कात्री. मी एकदा रडत घरी आले. आई म्हणाली, "दिवसाउजेडी जात जा मग. त्यांचा का जीव खातेस?"

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती खुंटी.

दुकानाच्या आतल्या भिंतीला एक खुंटी होती. तिच्यावर जुन्या धोतराच्या पानात गुंडाळलेला एक ड्रेस टांगलेला असायचा. खालून फक्त निळ्या स्कर्टचा काठ दिसायचा, आमच्या प्राथमिक शाळेच्या गणवेशाचा. तो ड्रेस कोणी न्यायला येत नव्हतं आणि तो दरवर्षी वाढत होता. सहावीत असताना त्याचा काठ भिंतीवरच्या चुन्याच्या डागाच्या वर होता. सातवीत तो डागाला टेकला. आम्ही आठवीला हायस्कूलला गेलो, तर जूनमध्ये खुंटीवरही निळा स्कर्ट जाऊन हायस्कूलचा आकाशी पंजाबी ड्रेस आला. आमच्या वर्गात नापास होणारे पुष्कळ होते. खुंटीवरची दरवर्षी पास होत होती.

ती कोण, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती रूपाली.

रूपाली सहावीत माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील मेंढरं राखायचे. आटपाडीकडून येऊन ते आमच्या कॅनॉलच्या कडेला झोपडं घालून राहिले होते. सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी ती हरवली. गावानं विहिरी बघितल्या, ऊस पालथा घातला, पोलीस आले, देवऋषी आला. काही म्हणजे काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही. महिन्याभरानं तिच्या वडिलांना तात्या तिचा शिवलेला गणवेश द्यायला गेले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. ती आली म्हंजी घालंल."

दोन-तीन वर्षांनी ते कुटुंब मेंढरं घेऊन निघून गेलं, पण तात्यांनी तो शब्द धरून ठेवला. ती आली म्हणजे घालेल. मग आल्यावर आखूड झाला तर? टेलरच्या डोक्यात दुसरा प्रश्न येणार तरी कुठला?

आता हरवलेल्या मुलीचं माप आणायचं कुठून, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडलाच नव्हता. माझं माप घेताना तात्या फार बारकाईनं घ्यायचे, एवढंच मला माहीत होतं. मी मोठी झाल्यावर त्यांनी स्वतः टेप लावणं बंद केलं. आई टेप धरायची आणि तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहून सांगायचे, "बाही घ्या वैनी. आता उंची." आई आकडा सांगायची, तात्या तो मोठ्यानं परत म्हणायचे. त्यांच्या तोंडासमोर ती खुंटी असायची. माझी उंची ते त्या गुंडाळलेल्या ड्रेसला सांगताहेत असं मला वाटायचं. मग वहीत तो आकडा दोनदा लिहायचे, एकदा माझ्या नावाखाली आणि एकदा खालच्या रेघेवर, जिथं नाव नव्हतं.

"दोनदा कशाला, तात्या?"

"एक पान फाटलं तर?"

नववीत मला टायफॉइड झाला आणि मी वाळले. तात्या शेंगदाणे आणि गूळ घेऊन घरी आले. माझे वडील शाळेत शिक्षक होते. त्यांना म्हणाले, "गुरुजी, पोरीनं खाया पायजे. लय उतरलीया. असं चालायचं न्हाई." वडिलांना भरून आलं. माझं वजन हा आमच्या घरापेक्षा तात्यांच्या काळजीचा विषय झाला होता.

दहावीच्या निरोपसमारंभाचा ड्रेस आणायला मी गेले, तेव्हा तात्या चहाला गेले होते. दुपारची वेळ, दुकानात कोणी नाही. मी धोतराचं पान वर केलं. आत माझाच ड्रेस होता. तेच कापड, तोच गळा. हे एकवेळ चाललं असतं. पण लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, त्यामुळे माझा डावा खांदा पाव इंच खाली आहे. हे आई आणि तात्या सोडून कोणाला कळत नाही. खुंटीवरच्या ड्रेसचा डावा खांदा पाव इंच खाली होता.

मी ते पान सोडलं आणि घरी आले. कोणाला बोलले नाही. मी जेवत होते ती दोघींसाठी, वाढत होते ती दोघींसाठी, असं काहीतरी मला वाटू लागलं आणि आपल्याच अंगाची भीती वाटू लागली. एकोणिसाव्या वर्षी मी शिकायला साताऱ्याला गेले. तिथंच सरकारी कचेरीत लागले, लग्न झालं, दोन मुलं झाली. साताऱ्याचा माझा टेलर कशालाही 'उद्या या' म्हणतो. मैत्रिणी त्याला शिव्या देतात. मला मात्र ते 'उद्या' ऐकून बरं वाटायचं.

गेल्या वर्षी मी कादंबरी लिहिली. पहिलीच. एका गावातून एक मुलगी हरवते आणि तिची मैत्रीण मोठी होते, अशी गोष्ट. सांगलीत एका सभागृहात प्रकाशन झालं. पाहुण्यांनी कादंबरी न वाचता तिच्यावर पाऊण तास भाषण केलं, आणि समोर बसलेले सगळे माझे किंवा नवऱ्याचे नातेवाईक होते. कादंबरीत ती मुलगी जत्रेतून हरवते आणि शेवटी विहिरीत सापडते. जत्रेची मी भरपूर वर्णनं केली होती.

दोन महिन्यांनी गावातून चुलतभावाचा फोन आला. "तात्यांनी बोलावलंय तुला. आठ दिस झालं, मशीनला हात लावलेला न्हाई त्यांनी. दुकान उघडत्यात आन् नुसतं बसत्यात."

मी शनिवारी गेले. तात्या सत्तरीचे झाले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मला बघून त्यांनी बस म्हटलं नाही, कधी आलीस म्हटलं नाही. माझं पुस्तक मांडीवर होतं, खाकी कव्हर घातलेलं, खूण म्हणून आत टेप घातलेली.

"कंच्या इहिरीत?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"शेवटाला तू लिवलंयस, इहिरीत घावली म्हून. कंच्या? पाटलाच्या का मळ्यातल्या? तुला कवा कळलं?"

तेव्हा माझं लक्ष खुंटीकडे गेलं. खुंटी मोकळी होती. तो ड्रेस घडी करून टेबलावर ठेवलेला होता, वर हळदकुंकवाचं बोट उमटलेलं. माझी कादंबरी तात्यांनी बातमी म्हणून वाचली होती. आठ दिवस ते रूपालीचं सुतक पाळत बसले होते.

"आवं तात्या," मी त्यांच्यापुढं खालीच बसले, "ते मनचं आहे सगळं. मला काही कळलेलं नाही. कोणालाच कळलेलं नाही."

"खरं?"

"आईशप्पथ."

"मग घावली न्हाई?"

"नाही तात्या."

तात्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं, ते आडवे होतात की काय. मग ते उठले. ड्रेस झटकला, बोटानं हळदकुंकू पुसलं, धोतराचं पान गुंडाळलं आणि तो परत खुंटीवर टांगला. काठ सारखा केला. म्हणाले, "दम धर जरा." मला नव्हे, तिला.

आता चहा आला. आणि मी लेखिका असल्यामुळे अशा वेळीही मला राहवलं नाही. "बाकी कशी वाटली, तात्या?"

"कापड चांगलं हाय. शिलाई बी सरळ हाय. पर खांदा चुकलाय."

"खांदा?"

"त्या पोरीचा डावा खांदा खाली दावलायस. रूपालीचं दोनी खांदं एका रेघंत हुतं. माज्याकडं दुसरं माप न्हवतं म्हून म्या तुजं घेतलं. तू का घेतलंस?"

खरं कारण असं की मला रूपालीचा चेहराच आठवत नव्हता. जिथं जिथं ती आठवली नाही, तिथं मी स्वतःला भरलं होतं. अख्खी कादंबरी तशी लिहिली आणि प्रस्तावनेत बालमैत्रिणीचे आभार मानले. मला माझी लाज वाटली.

"आन् ती जत्रंत न्हाई हरवली."

"कादंबरीत थोडं बदलावं लागतं, तात्या."

"बदल की. पर पायरी का गाळलीस?"

पायरी मी गाळली होती हे खरं. त्या संध्याकाळी आम्ही दोघीही तात्यांच्या दुकानात होतो. रूपालीचं कापड माझ्या चार दिवस आधी आलं होतं, पण गुरुजींच्या मुलीचा गणवेश आधी शिवला गेला. माझा ड्रेस तयार होता. रोज आम्ही कॅनॉलपर्यंत जोडीनं जायचो. त्या दिवशी मी नवा ड्रेस छातीशी धरून एकटी पळत सुटले, आईला दाखवायला. ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

"तिचं कापड मशीनवर घेतलं," तात्या म्हणाले, "आन् लाईट गेली. पोर म्हणली, बसते मी. अंधार पडत हुता. मी तिला म्हणालो..."

ते थांबले. हात टाचण्यांकडे गेला, पण त्यांनी टाचण्या उचलल्या नाहीत.

"उद्या ये, म्हणालो. उद्या सकाळी ये, झेंड्याच्या आदी देतो."

पंचवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. लहानपणी आम्हाला वाटायचं, तात्या 'उद्या' म्हणाले की काहीतरी भयंकर होईल. मी नकळत खुंटीकडे बघितलं. ड्रेस हलला नाही. समोर स्टँडवर एक एस.टी. मागं घेत होते.

"मी थांबायला हवं होतं," मी म्हणाले.

"तू आकरा वर्साची हुतीस. मी पंचेचाळीसचा हुतो."

मग तात्यांनी कानाची पेन्सिल काढली आणि ती जुनी वही उघडली.

"सोमवारी सांगलीला डोळ्याचं आपरेशन हाय. त्येच्या आदी एक काम ऱ्हायलंय. तू गेलीस तवा एकुणीसची हुतीस, मग माजं माप बी गेलं. ती तितंच थांबलीया. आता आली तर तिला बसंल का त्यो?"

आई आता नाही. टेप धरायला कोणी नव्हतं. तात्या सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी माझी मीच टेप धरली. लहानपणीची भीती गेली नव्हती, पण मी हलले नाही. उंची सांगितली. बाही सांगितली. कंबर सांगितली, तेव्हा तात्या म्हणाले, "दोन लेकरं झाली न्हवं, ऱ्हातंच तेवढं," आणि ते मला म्हणाले की तिला, हे मी विचारलं नाही.

"खांदा सांग. उजवा?"

मी सांगितला.

"डावा?"

"उजव्यासारखाच," मी म्हणाले.

पेन्सिल थांबली. माझा खांदा तात्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. त्यांनी वळून बघितलं नाही. वहीत माझ्या नावाखाली पाव इंच कमी लिहिलं, आणि खालच्या रेघेवर दोन्ही सारखे लिहिले. मग त्या रेघेच्या सुरुवातीला, इतक्या वर्षांनी, तिचं नाव घातलं.

बाहेर आले तर दिवे लागले होते. चुलतभावाचं घर मळ्यात आहे. मी चालू लागले आणि मागं कुलूप लावल्याचा आवाज आला, मग चपलांचा. उजेड माझ्या टाचांशी आला. ऊस तसाच उभा होता. कॅनॉलपाशी मी थांबले, म्हटलं येऊ देत जोडीला. तात्याही थांबले, दहा पावलांवर.

"तात्या, या की बरोबर."

"नगं. मागनंच दिसतंय नीट," ते म्हणाले. "चल तू. मी हाय मागं."