श्रीरंगची म्हैसमाळची तयारी

श्रीरंग पैठणकर वीस वर्षं विम्याच्या ऑफिसात अपघाताच्या फायली चाळत होता. त्यामुळं घरातल्या स्टुलावर चढायचं तरी तो आधी दोनदा हलवून बघायचा. असा माणूस गिअरची सायकल घेऊन म्हैसमाळचा डोंगर चढायला तयार झाला, कारण ऑफिसचे मॅनेजर साहेबरावांनी सगळ्या ऑफिससमोर विचारलं आणि याच्यानं नाही म्हणवलं नाही.

साहेबरावांनी ग्रुपवर कळवलं, रविवारी पहाटे निघायचं, इमर्जन्सीचं सामान ज्याचं त्यानं आणावं.

झालं! शनिवारी सकाळपासून श्रीरंग सॅक भरायला बसला. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान इथपर्यंत ठीक होतं. मग बँडेज आलं, बँडेज कापायला कात्री आली, कात्री लागली तर म्हणून टिंक्चर आलं. दोर, शिट्टी, छत्री. (त्या वर्षी अख्ख्या मराठवाड्यात ढग औषधाला सापडत नव्हता. तरी छत्री.)

"अहो, एका दिवसासाठी चाललात की वनवासाला?" अंबिकानं विचारलं.

"इमर्जन्सी काय सांगून येते?"

"मग आधार कार्डही ठेवा खिशात. ओळख पटवायला बरं पडतं."

श्रीरंगनं ते खरंच ठेवलं.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई फिनाईलची बाटली घेऊन आल्या. "डोंगरात लई साप हायेत रं बाबा. निजायच्या आधी भवताली शिंपड."

"मावशी, आम्ही संध्याकाळी परत येणार."

"आलास तं बरंच हाय की," म्हणत त्यांनी बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात खोचली.

सॅक पाठीवर घेतल्यावर श्रीरंग मागच्या मागं पलंगावर बसला. तेव्हा अंबिका म्हणाली, "एवढं घेऊन सायकल चालते का, ते तरी खाली जाऊन बघा."

पडेगावातली ती इमारत नवीकोरी. लिफ्ट होती, चकचकीत फरशी होती, पाणी तेवढं नव्हतं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि तो नेमका तेव्हाच आला होता. पार्किंगमधल्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि टँकरवाला कडुबा पाईप धरून उभा होता.

सायकलवरचा पहिला फेरा झकास झाला. दुसऱ्या फेऱ्याला बाल्कनीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून श्रीरंगनं वर बघून हात हलवला. सॅक डावीकडं कलली, तिच्यामागं श्रीरंग, त्याच्यामागं सायकल.

"सायेब, ब्रेक मारा! ब्रेक!" कडुबा ओरडला.

इमर्जन्सीला हाताशी असावी म्हणून श्रीरंगच्या तोंडात शिट्टी होती. ती त्यानं जीव खाऊन फुंकली. ब्रेक राहिला.

सायकल टाकीच्या कठड्यावर आदळली. श्रीरंग टाकीच्या बाहेर पडला, पण फिनाईलची बाटली मात्र उसळून थेट टाकीत गेली. बाटलीचं झाकण कधीच निघालं होतं.

कडुबानं आत डोकावून पाहिलं. "दुधावानी झालं की ओ समदं."

"दुसरी खेप?" श्रीरंगनं विचारलं.

"आता कुठली! पुढल्या शनवारी."

बादल्या घेऊन आलेली माणसं तशीच उभी राहिली. पहिल्या मजल्यावर महिन्याचं बाळ होतं. त्याची आई रिकामी बादली उचलून वर गेली. इतकी वर्षं श्रीरंगनं लोकांच्या अर्जांवर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला होता. आज तो शेरा आपल्या कपाळावर उमटलाय आणि सगळे तो वाचताहेत, असं त्याला वाटलं. धरणी पोटात घेईल तर बरं, पण खाली टाकी होती.

अंबिकाच्या भावाच्या छावणीतल्या घरी बोअरला अजून थोडं पाणी होतं. रविवारी उजाडल्यापासून श्रीरंग म्हैसमाळ सोडून सायकलला कॅन लटकवून पाणी आणत सुटला. आधी बाळाच्या घरी, मग बाकीच्यांकडं. पायांचे गोळे दगड झाले. संध्याकाळी शेवटची खेप उरली, मनकर्णाबाईंची.

घराजवळच्या वळणावर समोरून सायकलींची रांग आली. साहेबराव आणि मंडळी म्हैसमाळहून परतत होती, तोंडं लालबुंद, जिभा बाहेर.

"अरे, श्रीरंगराव! आमच्यासाठी पाणी घेऊन उभे? याला म्हणतात इमर्जन्सीची तयारी!"

श्रीरंग काही सांगेपर्यंत कॅन उघडले होते. एकेक बाटली भरली गेली, दोघांनी तोंडंही धुतली. साहेबरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि मंडळी गेली.

श्रीरंग रिकामे कॅन वाजवत फाटकाशी आला. वरून मनकर्णाबाईंनी हाक मारली, "काय रं, पाणी आणाया गेल्ता ना? मंग रिकामे डबे घिऊन कुटं हिंडून आला?"

आपल्या बाल्कनीतून अंबिका म्हणाली, "मावशी, त्यांचा म्हैसमाळचा सराव चाललाय."