कागदाच्या भिंतीपलीकडचं बोट

जपानला जायचं की नाही हे नक्की करण्याआधी तिथलं जेवण एकदा खाऊन बघावं, ही कल्पना मनिषाची.

अभिमन्यू बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता. जपानमधल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याच्या कामासाठी त्याची निवड झाली होती. त्यानं एकट्यानं जायचं, आणि मनिषानं पावणेदोन वर्षांच्या ऋतुजाला घेऊन तलवाड्याला सासू-सासऱ्यांजवळ राहायचं, असा बेत होता. बेत अर्थात अभिमन्यूचा. मनिषा त्यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. फक्त भांडी जरा जास्त आवाज करून घासत होती.

"भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवता तुमी," ती एकदा म्हणाली. "तिथं कुनाकडं ताट सरकवनार? आधी खाऊन तर बघा."

बायपासला उत्तरेश्वर नावाच्या माणसानं नवं जपानी हॉटेल काढलं होतं. पुण्यातल्या तसल्याच एका हॉटेलात त्यानं बरीच वर्षं स्वयंपाक केला होता. रविवारी दुपारी तिघं तिथं पोचले. चपला बाहेर काढून आत जायचं, बुटक्या टेबलाभोवती जमिनीवर मांडी घालून बसायचं. दोन बैठकींच्या मध्ये लाकडी चौकटीत ताणून लावलेला पांढरा कागद होता. मनिषानं तो कागद बघितला, मग ऋतुजाकडे बघितलं आणि लेकीला मांडीवर घट्ट धरलं.

उत्तरेश्वरनं वाफाळतं सूप आणून ठेवलं आणि मागोमाग भाताच्या गुंडाळ्या. आत काकडी, बाहेर समुद्रातलं शेवाळ. शेजारी हिरवा गोळा.

"हे हिरवं दिसतंय ना, ते ठेच्यासारखं खायचं न्हाई," अभिमन्यूनं जपानीच्या क्लासमध्ये शिकलेलं ज्ञान सांगायला सुरुवात केली. "टोकावर एवढुसं..."

"आगं आई गं!" कागदापलीकडून आरोळी आली. मग शिंका, मग बाईचा आवाज, "आवं, पानी प्या! ठेचा समजून एवढा कशाला घेतला?"

"आता समजलं," मनिषा म्हणाली.

पण आरोळी ऐकून ऋतुजाला पलीकडे कोण आहे ते बघायचं होतं. ती मांडीवरून निसटली, कागदाजवळ गेली आणि तिनं बोट टेकवलं. टप् असा छान आवाज झाला. बोट आरपार गेलं.

आयुष्यात इतकं गोड काही तिनं ऐकलं नसावं. तिनं लगेच शेजारी दुसरं भोक पाडलं.

"धरा तिला!" मनिषा दबक्या आवाजात ओरडली.

अभिमन्यूनं लेकीला उचललं आणि दाराकडे नजर टाकली. उत्तरेश्वर यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. ताटातला भात चांगला चिकट होता. त्यानं भाताची शितं बोटानं चुरून भोकाभोवती लावली आणि त्यावर कागदी रुमालाचा तुकडा चिकटवला. लांबून बरं दिसत होतं. ऋतुजाला मात्र हा नवा खेळ वाटला. तिनं तुकडा ओढून काढला, त्याबरोबर मूळचा कागदही टरकन फाटला.

"तुमी नुसते बसा तिकडं पाठ लावून," मनिषा म्हणाली. "झाकून तरी जाईल."

अभिमन्यू कागदाला पाठ लावून बसला. ऋतुजा चौकटीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिला पकडायला तो झटकन वळला, तर सूपची वाटी कलंडली. ती सावरायला गेला, तर कोपर कागदातून पार झालं. आता मध्यभागी एक असं भोक झालं की त्यातून पलीकडच्या माणसाची मिशी दिसत होती.

अभिमन्यूनं डोळे मिटले. तो माफी मागणार, एवढ्यात ऋतुजाच्या एका भोकातून पलीकडून एक जाड, सुरकुतलेलं बोट आत आलं. ऋतुजा किंचाळली, हसली आणि तिनं ते पकडलं. बोट निसटलं. क्षणभरानं बऱ्याच वर टप् असा आवाज झाला आणि तेच बोट तिथून आलं. ऋतुजानं खाली टप् केलं. वर टप्. खाली टप्.

"आवं, काय लहान हायसा का?" पलीकडची बाई म्हणत होती, पण तिचाही आवाज हसत होता.

तेवढ्यात उत्तरेश्वर तळलेल्या भाज्यांचं ताट घेऊन आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"हे कुनी केलं?"

अभिमन्यूनं कोपर मागे लपवलं. मग पलीकडून धीरगंभीर उत्तर आलं, "खालची तिची. वरची माझी."

"आन् हे मधलं?"

"ते माझं," अभिमन्यू म्हणाला. "कोपर."

उत्तरेश्वरनं ताट ठेवलं, थोडा वेळ विचार केला आणि चौकटच सरकवून बाजूला केली. "आता मधी ठेवून तरी काय उपेग?" म्हणत तो आत गेला.

पलीकडे एक वयस्क जोडपं होतं. गृहस्थ गहिनीनाथ, कडा गावचे. टोपी मांडीवर, डोळे अजून पाणावलेले. त्यांची बायको सरस्वतीबाई. ऋतुजा सरळ सरस्वतीबाईंच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्या ताटातली एक गुंडाळी उचलून खाऊ लागली. शेवाळासकट.

"ऋतू, ठेव ते!" मनिषा उठली.

"खाऊ द्या वं," सरस्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग काढलाच नाही. "आमचा नातू हिच्याच एवढा हाय. जपानातच जलमला. आज वाढदिस त्याचा. फोनवर रोज दिसतो. पन हात लावला की काच लागती."

अभिमन्यू आणि मनिषानं एकमेकांकडे बघितलं नाही.

"मुलाला जाऊ दिलं, त्याचं वाईट वाटतं का?" मनिषानं विचारलं.

"जाऊ दिलं त्याचं न्हाई. आदी एकटाच गेलता, मंग सुनंला न्हेलं. आमाला बी बोलावतोय. पन ह्यांनी अडवून ठेवलंय. म्हनत्यात, तिथलं खानं जमायचं न्हाई."

गहिनीनाथ ताटाकडे बघत राहिले. "म्हनून तर आज चाखाया आलो," ते हळूच म्हणाले.

ऋतुजानं एक गुंडाळी अर्धी खाऊन उरलेली त्यांच्या मिशीपर्यंत नेली. त्यांनी तोंड उघडलं. चावलं. डोळे गच्च मिटून गिळलं.

मनिषानं हे सगळं बघितलं आणि मग नवऱ्याकडे वळली. त्याचा एक गाल मघापासून न गिळलेल्या गुंडाळीनं फुगलेला होता.

"गिळा ते," ती म्हणाली.

अभिमन्यूनं गिळलं. पाणी प्यायला.

"जा तुमी जपानला," मनिषा म्हणाली. "पन आमाला तलवाड्याला टाकून न्हाई. आदी जाऊन खोली बघा, मंग दोघींना न्यायचं. तोवर फोनवर लेकरू दाखवंन. पन लई दिवस न्हाई दाखवनार, सांगून ठेवते. हिच्या खान्याची काळजी करू नका. तुमचंच काय ते बघा."

अभिमन्यूनं मान हलवली आणि दुसरी गुंडाळी उचलली. ती त्यानं बराच वेळ हातातच धरली.

ऋतुजा सरस्वतीबाईंच्या मांडीवर झोपून गेली. तिला उठवायचं कुणाच्याच मनात येईना. बायका बोलत बसल्या. पुरुष "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडले.

पाय त्यांनी फार मोकळे केले नाहीत. समोरच भज्यांचा गाडा होता. पहिली प्लेट दोघांनी न बोलता संपवली.

"मी पासपोर्ट काडनार," मिरचीचं देठ बाजूला ठेवत गहिनीनाथ म्हणाले. "नातवाच्या हातनं खाईन समदं."

"मघाचं जमलं का मंग तुमाला, काका?"

"न्हाई."

"मंग?"

"आरं, तिथं गेल्यावर जमंल की," गहिनीनाथ म्हणाले आणि त्यांनी गाड्याकडे बघून बोट वर केलं. "ए, आनखी एक प्लेट. कांदा जास्त टाक."