सकाळची पँट

“या वेळी एक जरी गोंधळ झाला ना बाबा, तर फ्लॅटला कुलूप लावायचं आणि तुम्ही आमच्याकडे राहायला यायचं. मुकाट्यानं,” बंदराच्या दाराशी बापाची बॅग गाडीतून काढत मुलगी म्हणाली आणि तिनं गाडीची डिकी दाणकन आपटली. गाडी जुनी होती, डिकी आपटल्याशिवाय लागत नसे. मुलगी शाळेत मुख्याध्यापिका होती. महत्त्वाचा शब्द ती असा सुटा काढून म्हणायची, म्हणजे मागच्या बाकावरही ऐकू जावा.

“गोंधळ? क्रूझवर? आणि माझा?” वडील हसले. “अगं, नवे लोक मला विचारून विचारून प्रवास करतात.”

यात खोटं काही नव्हतं. नोकरीत असताना हा माणूस लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासत हिंडला. पगार घेऊन नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांना पुढे जाण्याची ओढ लागली आणि ते बायकोला घेऊन समुद्रावर जाऊ लागले. एक क्रूझ झाली, दुसरी झाली, मग व्यसनच लागलं. इमारतीतले लोक त्यांना ‘कॅप्टन’ म्हणू लागले. त्यात थोडी टिंगल होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. देव काही माणसांना असं चिलखत देतो.

मग बायको गेली. त्यानंतर कॅप्टन दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले, एकदा स्वतःच्या फ्लॅटचं दार समजून वरच्या मजल्यावरच्या कुलपाशी झटापट करत बसले आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी मुलीला फोन केला. मुलीचं घर मोठं होतं, जावई भला होता, जेवण वेळेवर मिळालं असतं. पण या फ्लॅटमध्ये बायकोनं ठोकून घेतलेला प्रत्येक खिळा जागच्या जागी होता, आणि तिथून हलायचं म्हणजे ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. हे मुलीला सांगायला त्यांना जमत नव्हतं. म्हणून ही सफर. एकट्यानं जाऊन, धड परत येऊन दाखवायचं, म्हणजे विषय मिटला.

जहाजावर शेजारच्या केबिनमध्ये एक चष्म्याचे दुकानदार आणि त्यांची बायको होती. दोघं पहिल्यांदाच क्रूझवर आलेली. कॅप्टनना हवी तशी शिकार आयती दारात आली.

“केबिन कशी घेतलीत?” त्यांनी पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर विचारलं.

“म्हणजे... जी मिळाली ती.”

“चूक! केबिन घ्यावी जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. तिथं डोलणं कमी. नशिबानं तुम्हाला तशीच मिळालीय. पण वर काय आहे ते बघितलंत? नाचघर असलं की संपलं, पहाटेपर्यंत डोक्यावर धपाधप. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हूक आणलेत का? नाही? मग ओले टॉवेल लटकवणार कुठं? पहिल्या दिवशी ताटावर तुटून पडायचं नाही. स्वेटर जवळ ठेवायचा, जेवणघरात गारठवतात. आणि बंदरात उतरलात तर घड्याळ जहाजाचं बघायचं, गावाचं नाही. जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही.”

चष्मेवाले मान डोलवत होते. त्यांची बायको ऐकत होती, अधूनमधून कॅप्टनच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

कॅप्टन हे सगळं सांगत ते खरंच होतं, पण त्यातलं एकही त्यांनी स्वतः शोधलेलं नव्हतं. पहिल्या सफरीत उलट्या करून बायको अर्धी झाली, तेव्हा मधल्या केबिनचं ज्ञान झालं. ओल्या टॉवेलांनी वैतागून हूक तिनंच आणले होते. जेवणघरात हुडहुडी भरली तीही तिलाच. त्रास तिचा आणि सल्ला ह्यांचा, अशी त्या संसाराची वाटणी होती. ती मात्र दुसऱ्यांसमोर कधी “हे माझं” म्हणाली नाही.

शेवटची संध्याकाळ आली. क्रूझवर एक पद्धत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं असेल, तर आदल्या संध्याकाळीच मोठी बॅग चिठ्ठी बांधून केबिनच्या दाराबाहेर ठेवायची. जहाजावरची माणसं ती घेऊन जातात आणि सकाळी ती थेट बंदराच्या इमारतीत मिळते.

“बॅग सगळ्यात आधी बाहेर ठेवा,” कॅप्टननी चष्मेवाल्यांना बजावलं. “लोक शेवटपर्यंत घोळ घालत बसतात. आपण लवकर मोकळं व्हायचं.”

निरोपाच्या जेवणाला ते गेले नाहीत. त्या जेवणात वाढपी टाळ्या वाजवत गाणी म्हणतात आणि समोरच्या खुर्चीत कुणी नसलं की त्या टाळ्या फार मोठ्यानं ऐकू येतात. त्यांनी लवकर दोन घास खाल्ले, अंघोळ केली, चौकड्यांचा पायजमा आणि बनियन घातलं. पँट, शर्ट, कोट, बूट, सगळं नीट घडी करून बॅगेत भरलं. बॅग दाराबाहेर ठेवली तेव्हा सगळ्या बोळात त्यांची एकट्याचीच होती. त्यांना फार समाधान वाटलं. मुलीनं हे बघायला हवं होतं.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. कॅप्टननी तोंड धुतलं, भांग पाडला आणि पँट घेण्यासाठी कपाट उघडलं. कपाटात नुसते हँगर होते.

काय झालंय हे कळायला थोडा वेळ लागला. मग पायाखालची वाळू अशी सरकली की जहाज पुन्हा सुटलं की काय असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं शेजारचं दार ठोठावलं, आणि मागे त्यांचं स्वतःचं दार खट्‌ करून लागलं. क्रूझवर केबिनचं दार आपोआप लागतं आणि कार्डानं उघडतं. जहाजावरून उतरतानाही तेच कार्ड दाखवावं लागतं. ते कार्ड नेहमी पँटच्या खिशातच ठेवावं, हा कॅप्टनचा आवडता सल्ला होता.

चष्मेवाल्यांनी दार उघडलं. ते इस्त्रीच्या कपड्यांत, भांगबिंग पाडून तयार होते. कॅप्टनच्या बनियनकडे बघून त्यांना वाटलं, हाही काहीतरी अनुभवी लोकांचा प्रकार असावा.

“असंच उतरायचं असतं का?” त्यांनी अदबीनं विचारलं.

“तुमचे कपडे... तुमची बॅग गेली ना काल?”

“गेली की. तुम्ही सांगितल्याबरोबर.”

“मग हे कपडे?”

चष्मेवाले गोंधळून बायकोकडे बघू लागले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी उठले तेव्हा कपडे खुर्चीवर होते.

“बॅग बाहेर ठेवायच्या आधी मी ह्यांचा एक जोड काढून ठेवला,” बाई म्हणाली.

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“यात काय सांगायचं? सकाळी लागणारच ना.”

कॅप्टन तिथंच भिंतीला टेकले. एवढ्या सफरी केल्या आणि प्रत्येक सफरीच्या शेवटच्या सकाळी खुर्चीवर पँट-शर्ट होता. खिशात कार्ड होतं. तो जोड तिथं कसा येतो हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. सूर्य उगवतो तशी पँट खुर्चीवर उगवते, असं ते धरून चालले होते. ज्या गोष्टीचा तिला त्रास झाला, ती बोलून दाखवली गेली आणि तिचा सल्ला झाला. जी तिनं न बोलता केली, ती तिच्याबरोबरच गेली.

“माझी पँट देऊ का?” चष्मेवाले हळहळून म्हणाले. पण अंगावर होती तेवढीच त्यांच्याकडे होती. शिवाय ते बुटके आणि गोल होते. त्यांच्या पँटमध्ये कॅप्टन दोनदा मावले असते आणि तरी गुडघे उघडे राहिले असते.

इतक्यात केबिनची सफाई करणारा माणूस आला. त्यानं कॅप्टनना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि काही न विचारता धुवायच्या कपड्यांच्या गाडीतून एक पांढरा कोट काढून दिला. “मुदपाकखान्यातला आहे,” तो म्हणाला. “पण स्वच्छ आहे.”

बनियन झाकलं गेलं. पण आता पांढरा कोट आणि खाली चौकड्यांचा पायजमा, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याचा हुबेहूब वेष झाला. उतरणाऱ्यांच्या रांगेत कॅप्टन उभे राहतात न राहतात तोच एका जाड्या गृहस्थांनी त्यांना धरलं.

“तुम्हीच का ते? रोज सूप खारट!”

“अहो, मी प्रवासी आहे.”

“आता प्रवासी झालात होय! सात जन्मांचं मीठ पोटात गेलं आमच्या.”

मागच्या बाई म्हणाल्या, “सोडा हो, म्हातारा माणूस आहे. त्याला चवच कळत नसेल.” ही बाजू घेणं सूपापेक्षा जास्त झोंबलं.

दारातल्या अधिकाऱ्यानं तर हातच आडवा घातला. “कर्मचाऱ्यांचा रस्ता खालून आहे.”

“मी कर्मचारी नाही.”

“मग कार्ड दाखवा.”

“पँटच्या खिशात आहे.”

अधिकाऱ्यानं पायजम्याकडे पाहिलं.

“पँट बॅगेत आहे,” कॅप्टननी खुलासा केला. “बॅग तिकडे, इमारतीत.”

“पासपोर्ट?”

“कोटाच्या आतल्या खिशात. हा कोट नाही, माझा कोट.”

“तो कुठं आहे?”

“पँटबरोबर.”

अधिकारी सभ्य होता, म्हणूनच जास्त भीती वाटली. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं की उतरलेलं सामान पुन्हा जहाजावर आणता येत नाही आणि ओळख पटल्याशिवाय माणूस खाली सोडता येत नाही. बॅग तिकडे, कॅप्टन इकडे आणि मधे पाणी. “घ्यायला कुणी आलंय का तुम्हाला?” त्यानं विचारलं.

कॅप्टननी बंदराच्या इमारतीकडे पाहिलं. त्या एका “हो”वर त्यांचा फ्लॅट जाणार होता, खिळ्यांसकट. मागे रांग चुळबुळ करू लागली. जाडे गृहस्थ “आचाऱ्याची चौकशी चाललीय” असं सगळ्यांना सांगत होते.

“मुलगी आलीय,” कॅप्टन शेवटी म्हणाले. मग ओळख पटवण्यासाठी त्यांना दोन शिपायांच्या पहाऱ्यात खाली इमारतीतल्या कार्यालयात नेलं.

बंदराच्या इमारतीत कर्ण्यावरून आवाज आला, “अमुक केबिनमधील प्रवाशाच्या नातेवाइकांनी त्यांचं सामान ताब्यात घेऊन कार्यालयात यावं.” इमारतीतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. फक्त केबिनचा आकडा ओळखणारी एक मुख्याध्यापिका बाकावरून उठली आणि बॅगांच्या रांगेकडे धावली. नातेवाइकांनी सामान ताब्यात घ्यावं, असं माणसाबद्दल केव्हा सांगतात हे तिला ठाऊक होतं. आईच्या वेळी दवाखान्यात तिनं तेच ऐकलं होतं.

कार्यालयाचं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता आणि बॅगेचं हँडल तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. समोर तिचे वडील आचाऱ्याच्या वेषात, दोन शिपायांच्या मधे, पायजम्याची नाडी सावरत उभे होते.

“हे तुमचे वडील का?” अधिकाऱ्यानं विचारलं.

तिनं बघितलं, पुन्हा बघितलं. “हो,” ती म्हणाली. “दुसरं कोण असणार.”

मग तिनं बॅग उघडली, पँट काढून त्यांच्या अंगावर फेकली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. कॅप्टननी ते पाहिलं. आपण जिवंत असल्याची त्यांना फार लाज वाटली.

कपडे बदलून, पांढरा कोट परत करून दोघं गाडीपाशी आली. तिनं डिकी उघडली, बॅग आत ठेवली. बॅगेतून पायजम्याचा एक पाय बाहेर लोंबत होता. तो दोन्ही हातांनी आत कोंबत तिचं सुरू झालं. “गॅस झाला. कुलूप झालं. आता पँट. उद्या काय? मला वाटलं...” ते वाक्य तिनं गिळलं आणि बॅगेची चेन जोरात ओढली. “लोका सांगे ब्रह्मज्ञान! साधी सकाळची पँट बाहेर ठेवता येत नाही? आई दर वेळी ठेवायची. मला फोनवर सांगायची, नाही ठेवली तर हा माणूस पायजम्यावर उतरेल म्हणून.”

“तुला माहीत होतं?” कॅप्टन म्हणाले. “मला आज कळलं.”

डिकी तिनं नेहमीसारखी दाणकन आपटली.

“येतो मी तुमच्याकडे,” कॅप्टन म्हणाले. “आज फ्लॅटला कुलूप लावू. खिळे तेवढे काढू नका कुणी.”

गाडीच्या दाराशी जाऊन मुलीनं पर्स उघडली. पर्समध्ये हात घालून ढवळलं. मग खिसे चाचपले. मग सावकाश वळून डिकीकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “पायजमा आत कोंबताना माझ्या हातात किल्ली होती.”

कॅप्टननी डिकी ओढून पाहिली. चांगली घट्ट लागली होती. तिनं नवऱ्याला फोन केला. दुसरी किल्ली घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाकडून येणार होता. दोघं वाहनतळाच्या कडेला बुटक्या कठड्यावर बसली. समोरून चष्मेवाले आणि त्यांची बायको टॅक्सीत बसताना दिसले. चष्मेवाल्यांनी आदरानं हात केला. बाईनं नवऱ्याचा लोंबणारा मफलर दारातून आत ओढला आणि मगच दार लावलं.

“आई असती तर डिकी लावायच्या आधी विचारलं असतं, किल्ली कुठंय,” मुलगी म्हणाली.

“विचारलं नसतं. हातातून काढूनच घेतली असती.”

तिला हसू आलं आणि त्याच्यामागून दुसरंही काही आलं, म्हणून तिनं तोंड दुसरीकडे केलं. टॅक्सी गेल्या, माणसं गेली, हमालांच्या गाड्या रिकाम्या झाल्या. बऱ्याच वेळानं ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात नाही, लहानपणच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही आलात आमच्याकडे तरी बाबा, आपल्या दोघांकडे बघणार कोण?”

कॅप्टननी सवयीनं तोंड उघडलं. पण या बाबतीत त्यांच्याकडे सल्ला नव्हता, म्हणून त्यांनी ते पुन्हा मिटलं आणि दोघं जावयाची वाट बघत बसली.