मुळेकाकांचे चार हमाल

मुळेकाका म्हणजे रस्त्यात आडव्या येणाऱ्या म्हशीचाही विमा उतरवायला निघालेले गृहस्थ.

“समज भिया,” सकाळी सकाळी माझ्या दारात उभं राहून, इथल्या रीतीने भैयाचा भिया करत ते सुरू करायचे, “सांवेर रोडवर म्हैस आडवी आली. मी ब्रेक मारला, मागून ट्रॅक्टर येऊन भिडला. पैसे कोण देणार?”

“ट्रॅक्टरवाल्याची कंपनी.”

“आणि म्हशीचे?”

“तिला कुठे काय झालं, काका?”

“घाबरली ना! दूध कमी दिलं मग?”

आवाज असा की समोरच्या घरातली माणसं खिडकीत यायची. काकांचा उभा जन्म कापडमिलमध्ये विणायच्या साच्यांच्या खडखडाटात गेलेला. तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. मिल बंद पडली तेव्हा हाती आलं त्यातून त्यांनी तीनचाकी टेंपो घेतला आणि सियागंजच्या घाऊक बाजारातला किराणा सांवेरच्या दुकानांत पोचवायला लागले.

त्या दिवसांत आमच्या परदेशीपुऱ्यात मिलमधून सुटलेला जो तो टेंपो घेत होता. मी गाडीविम्याचा एजंट, म्हणजे माझी चंगळच व्हायला हवी होती. पण प्रत्येकाला पोलिसाला दाखवण्यापुरता स्वस्तातला कागद हवा असायचा. तेच ते समजावून मी पार विटलो होतो. पूर्ण विम्याचा विचार करणारे एकटे मुळेकाका, आणि ते नुसता विचारच करत होते. हिंगाचा डबा फुटून शेजारच्या गिऱ्हाईकाला चक्कर आली तर तो थर्ड पार्टी, म्हणजे भरपाई द्यायचा तिऱ्हाईत, धरायचा का, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

जुनी पॉलिसी शनिवारी संपत होती. गुरुवारी काका आले ते जरा पडेल चेहऱ्याने.

“समज, मागे चार माणसं बसलीत आणि गाडी उलटली. त्यांच्या घरच्यांना काय मिळेल?”

“काही नाही. मालाच्या गाडीत सवारी चालत नाही.”

“आणि हमाल असले तर?”

“पगारी असले तर जादा हप्ता भरून विम्यात घेता येतात.”

“मग चार हमाल लिही.”

मला हसू आलं. एवढ्याशा टेंपोत चार हमाल बसवल्यावर साखरेची पोती काय काकांनी डोक्यावर घ्यायची? पण खोटे हमाल लिहिले असते तर कंपनीने माझीच मान धरली असती. शुक्रवारी सकाळी मी स्वतः बघायला गेलो.

टेंपो बंद मिलच्या फाटकासमोर उभा होता. मागे साठीला टेकलेले चौघे इस्त्रीचे शर्ट घालून, मांडीवर जेवणाचे डबे धरून बसले होते. सगळे मिलमधल्या काकांच्याच खात्यातले.

“घरी बसून भांडत होते यार,” काका म्हणाले. “पहिल्या पाळीची सवय. सकाळी डबा घेऊन निघायला पाहिजे ना माणसाने.”

“पोती उचलतात?”

“एका पोत्याला चौघं लागतात, पण उचलतात. भाड्यात सगळ्यांचा हिस्सा. आता तूच सांग, हमाल आहेत की नाही?”

होते. मी लिहून घेतलं: पूर्ण विमा, वर चार हमाल. मग काकांच्या स्वतःच्या अपघात विम्याचा रकाना आला. वारस कोण? काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला ठाऊक होतं, तरी विचारणं भाग होतं.

“यांच्यातला ज्याला गाडी येते त्याचं घाल,” काका म्हणाले. “मी गेल्यावर यांना न्यायला कुणी तरी पाहिजे.”

“कुणाला येते?”

“कुणालाच नाही.”

“मग शिकवा ना एकाला.”

काकांनी मागे वळून बघितलं. चौघे कशावरून तरी हसत होते.

“शिकला की स्वतःचा टेंपो घेईल तो, बाकीचेही त्याच्याच गाडीत बसतील, भिया,” ते म्हणाले. “मग सकाळी मी कोणाला घेऊन जाऊ?”